एसटी, लूना आणि उपग्रहांची वाट

पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे; बोलताना मात्र माणसं अजून नुसतं ‘नगर’च म्हणतात, म्हणून इथेही तेच. त्या पहिल्या फेरीनंतर चोवीस वर्षांनी, १९७२ मध्ये, फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने पन्नास सीसीची एक किरकोळ दिसणारी मोपेड बाजारात आणली. ही गाडी पुढे वर्षानुवर्षं नगरच्या कारखान्यातून बाहेर पडत राहिली. तिचं नाव लूना. लॅटिनमध्ये लूना म्हणजे चंद्र. तिच्यावर दुधाचे कॅन लटकवून निघालेल्या माणसाला या अर्थाशी काही देणंघेणं नव्हतं, हा भाग वेगळा.

एसटी आणि लूना या दोन वाहनांमध्ये छोट्या उपग्रहांच्या छोट्या रॉकेटचा सगळा वाद सामावलेला आहे. एसटीचं तिकीट स्वस्त असतं, पण वेळ तिची, रस्ता तिचा आणि थांबाही तिचाच. फाट्यावर उतरून पुढे वस्तीपर्यंत चालत जायचं. लूना किलोमीटरच्या हिशेबात एसटीपेक्षा महाग पडायची, दोन पोत्यांपलीकडे ओझं घ्यायची नाही आणि चढ आला की पेडल मारायला लावायची. तरी मास्तरांनी घेतली, दूधवाल्यांनी घेतली, विम्याच्या एजंटांनी घेतली. कारण साधं होतं. ती कुणाला फलाटावर बसवून ठेवत नव्हती.

भारताची अवकाशातली एसटी म्हणजे पीएसएलव्ही. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी तिने एका फेरीत १०४ उपग्रह वर नेले. त्यातले ८८ एकट्या प्लॅनेट या अमेरिकी कंपनीचे होते, प्रत्येकी पाच किलोच्या आत-बाहेर वजनाचे. चार वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, स्पेसएक्सच्या ‘ट्रान्सपोर्टर-१’ने १४३ उपग्रह एकदम नेऊन तो विक्रम मोडला आणि दर लावला किलोला ५,००० डॉलर. तिकीट संगणकावर काढायचं, आपला उपग्रह ठरल्या तारखेला आणून द्यायचा. वडाप असो वा एसटी, गाडी भरून निघाली की माणशी खर्च उतरतो. हे गणित अवकाशातही तसंच चालतं.

मग फलाटावर कोण ताटकळतं? पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवला. काम २००८ च्या सुमारास सुरू झालं. उपग्रह वर गेला २२ जून २०१६ रोजी. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ दहा किलोचा. त्याची कल्पना २००७ मधली आणि उड्डाण २६ सप्टेंबर २०१६ चं. ज्या मुलांनी पहिला आराखडा कागदावर काढला, ती तोवर पदव्या घेऊन पांगली होती. शेवटचा स्क्रू पिळणारे हात निराळेच होते. या नऊ वर्षांचं खापर रॉकेटच्या माथी फोडणं अप्रामाणिकपणाचं होईल. विद्यार्थ्यांचे गट बदलत राहतात, चाचण्या लांबतात, आराखडे पुन्हा तपासले जातात. पण तयार झालेल्या छोट्या उपग्रहाला मोठ्याच्या तारखेवर बसावं लागतं, हेही तितकंच खरं. ‘प्रथम’ ज्या फेरीत गेला तिची मुख्य सवारी होती हवामानाचा स्कॅटसॅट-१. त्याला एका कक्षेत उतरवून पीएसएलव्हीने आपलं इंजिन पुन्हा चालू केलं आणि बाकीच्यांना दुसऱ्या कक्षेत सोडलं. दोन तासांहून लांबलेली ती फेरी इस्रोसाठी नवा प्रयोग होता. एसटी आडगावाला वळवून नेण्यासारखाच.

गाडी चुकल्याचं उदाहरण हवं असेल तर बेंगळुरूच्या पिक्सेल या कंपनीच्या ‘आनंद’चं घ्यावं. तो फेब्रुवारी २०२१ च्या पीएसएलव्हीने जाणार होता. ऐन वेळी सॉफ्टवेअरमध्ये दोष दिसला आणि तो उतरवून घेतला गेला. त्यानंतर ‘आनंद’ वर गेला तो थेट २६ नोव्हेंबर २०२२ रोजी. मधल्या काळात कंपनीने आपला दुसरा उपग्रह, ‘शकुंतला’, अमेरिकेच्या गाडीत बसवून एप्रिल २०२२ मध्ये पाठवूनही दिला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये तिचे ‘फायरफ्लाय’ जातीचे पहिले तीन उपग्रहही अमेरिकेतूनच, कॅलिफोर्नियाहून, उडाले. एक एसटी चुकली की माणूस दुसऱ्या आगाराची एसटी पकडतो. लगेच लूना विकत घ्यायला धावत नाही. छोट्या रॉकेटच्या समर्थकांनी या गोष्टीवर जरा जास्त वेळ थांबायला हवं.

कारण आपल्याकडे छोट्या रॉकेटचं कौतुक नेहमी एकाच शब्दाने सुरू होतं: स्वस्त. हा शब्दच चुकीचा आहे. छोटं रॉकेट एकूण किमतीत स्वस्त असतं, किलोमागे नसतं. न्यूझीलंडमधून उडणारं रॉकेट लॅबचं ‘इलेक्ट्रॉन’ हे या जातीतलं जगातलं सगळ्यात यशस्वी रॉकेट. अठरा मीटर उंच, ३०० किलो नेणारं. फेरीची किंमत ७५ लाख डॉलरच्या आसपास धरली तर किलोला २५,००० डॉलर पडतात, म्हणजे ट्रान्सपोर्टरच्या सुरुवातीच्या दराच्या पाचपट. तरी त्याच्या सत्तरहून जास्त फेऱ्या झाल्या. गिऱ्हाईक वेडं नव्हतं. त्याला वजनाचा भाव महत्त्वाचा नव्हता.

छोटं रॉकेट महाग का पडतं हे कळायला स्वयंपाकघर पुरे आहे. पाच लिटरच्या पातेल्याला जितका पत्रा लागतो त्याच्या पाचव्या भागात एक लिटरचं पातेलं होत नाही, जास्त लागतो. रॉकेटचंही तसंच आहे. टाकी लहान केली तरी पत्रा त्या प्रमाणात पातळ करता येत नाही. दिशा ठरवणारा संगणक, तारा, झडपा, टप्पे वेगळे करणारे स्फोटक बोल्ट हे सगळं छोट्यालाही लागतं आणि जवळजवळ तेवढंच भरतं. पृथ्वीजवळच्या कक्षेत टिकायला सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग हवा. त्या वेगाने पुणे–नगर सोळा सेकंदांत होईल. ही अट उपग्रह एक किलोचा असो वा पाच टनांचा, सगळ्यांना एकच. इस्रोच्या घरातलेच आकडे पाहावेत. मोठ्या एलव्हीएम-३ रॉकेटचं वजन ६४० टन आणि ते जवळच्या कक्षेत आठ टन नेतं, म्हणजे एका किलो उपग्रहामागे ८० किलो रॉकेट. छोट्या उपग्रहांसाठी मुद्दाम बनवलेलं एसएसएलव्ही १२० टनांचं आणि त्याची कमाल मजल ५०० किलो. इथे एका किलोमागे २४० किलो रॉकेट जळतं. सगळा दोष आकाराचा नाही. एलव्हीएम-३ च्या वरच्या टप्प्यात अतिशीत द्रव हायड्रोजन आहे, तर एसएसएलव्हीचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनाचे. घन इंधन कमी जोराचं, पण भरून ठेवता येतं आणि ऐन वेळी वात लावली की निघतं. दिवाळीतल्या बाणासारखं ते मध्येच मंद करता येत नाही की विझवता येत नाही. लवकर निघण्याची किंमत इथेही वजनात मोजावी लागते.

या लहानग्यांच्या चुकाही लहान असतात आणि शिक्षा मात्र पुरेपूर. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण झालं. तिन्ही टप्पे नीट जळले. दुसरा टप्पा सुटताना मात्र क्षणभर अपेक्षेपेक्षा जोराची कंपनं उठली. वेगातला फरक मोजणारी उपकरणं त्या हादऱ्याने गोंधळली; संगणकाने ती बिघडली असं धरलं आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करून पाठ केलेल्या वाटेने पुढचा प्रवास केला. शेवटी वेग कमी पडला सेकंदाला सुमारे ५६ मीटर, म्हणजे लागणाऱ्या वेगाच्या एक टक्क्याहूनही कमी. ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी उपग्रह ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या लंबगोलात सोडले गेले. ७६ किलोमीटरवर हवा असते. तिने त्यांना खाली ओढलं. त्यात साडेसातशे शाळकरी मुलींनी बनवलेला ‘आझादीसॅट’ होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसऱ्या उड्डाणात त्याचा भाऊ सुखरूप पोचला आणि १६ ऑगस्ट २०२४ ला तिसरंही उड्डाण यशस्वी झालं.

इलेक्ट्रॉनचं पहिलं उड्डाणही, मे २०१७ मधलं, असंच गेलं. तिथे तर रॉकेटमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. जमिनीवर माहिती पकडणारं यंत्र चुकीचं जुळवलेलं होतं, म्हणून रॉकेट कुठे आहे ते दिसेना आणि सुरक्षेच्या नियमाने एक धडधाकट रॉकेट पाडावं लागलं.

आता लूनाच्या उपमेचा अवघड भाग. लूनाचं पुढे काय झालं ते नगरकरांना सांगायला नको. घरात चार पैसे आले तशी माणसं हिरो होंडावर बसली आणि लूना अडगळीत गेली. २०२४ मध्ये ती विजेवर चालणारी होऊन परत आली आहे, पण मधली वर्षं तिची नव्हती. छोट्या रॉकेटांची कुंडलीही याहून वेगळी दिसत नाही. स्पेसएक्सने सुरुवात केली ती ‘फाल्कन-१’ या छोट्या रॉकेटने. २००६ चं पहिलं उड्डाण अर्ध्या मिनिटात आटोपलं, आणि त्यावरचा अमेरिकी हवाईदलाच्या छात्रांचा छोटा उपग्रह बेटावरच्या कंपनीच्याच शेडचं छप्पर फोडून आत पडला. तीन अपयशांनंतर सप्टेंबर २००८ मध्ये ते कक्षेत पोचलं. जुलै २००९ मध्ये मलेशियाचा उपग्रह यशस्वीपणे सोडला आणि त्यानंतर कंपनीने ते रॉकेटच बंद केलं. गिऱ्हाईक मोठ्या गाडीचं आहे हे तिला कळलं होतं. रिचर्ड ब्रॅन्सन यांची व्हर्जिन ऑर्बिट विमानाच्या पंखाखालून रॉकेट सोडायची; जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधलं उड्डाण फसलं आणि एप्रिलमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढंच कशाला, इलेक्ट्रॉन विकणारी रॉकेट लॅबसुद्धा आता १३ टन नेणारं ‘न्यूट्रॉन’ बनवते आहे. लूना विकून आलेल्या पैशात बस घ्यायची, असा तो बेत.

मग छोट्या रॉकेटचं दुकान चालायचं कशावर? वेळेवर आणि वाटेवर. १४ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकी अंतराळ दलाने एक प्रयोग केला. उपग्रह आणि फायरफ्लाय याच नावाच्या अमेरिकी कंपनीचं ‘अल्फा’ रॉकेट तयार ठेवलं होतं. कधी सोडायचं आणि कोणत्या कक्षेत, हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. हुकूम सुटला आणि २७ तासांत रॉकेट उडालं. युद्धात एखादा टेहळणी उपग्रह निकामी झाला, तर त्याच्या जागी दुसरा पाठवायला पुढच्या तिमाहीच्या गाडीची वाट पाहता येत नाही. अशा गिऱ्हाइकाला किलोचा भाव सांगणं म्हणजे रात्री दोनला रुग्णवाहिका मागवणाऱ्याशी पेट्रोलच्या दरावर बोलणं.

भारतातही हे गिऱ्हाईक आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने टेहळणीसाठी ५२ उपग्रहांच्या योजनेला मंजुरी दिली. त्यातले ३१ खासगी कंपन्यांकडून घ्यायचे आहेत. हे उपग्रह नियमित पाठवायला पीएसएलव्ही आहेच. पण मे २०२५ मध्ये पीएसएलव्हीच्याच तिसऱ्या टप्प्यात दोष आला आणि ईओएस-०९ हा रडार उपग्रह गेला. एकाच गाडीवर भिस्त ठेवली की ती बंद पडल्यावर सगळा रस्ता बंद पडतो, एवढं त्यातून दिसलं.

एक समर्थन मात्र सोडून द्यायला हवं. छोट्या रॉकेटच्या प्रत्येक सादरीकरणात एक शेतकरी असतो. पाथर्डीचा दुष्काळ, राहुरी-संगमनेरचा ऊस, अवकाळीनंतरचे पंचनामे, पीकविमा ही सगळी कामं उपग्रहांच्या चित्रांनी सुधारतात यात शंका नाही. साखर कारखान्याला आपल्या हद्दीत नेमका किती ऊस उभा आहे हे गळितापूर्वी कळलं तर फडांचा कार्यक्रम नीट आखता येतो. पावसाळ्यात ढगांमुळे साधा कॅमेरा आंधळा होतो, तेव्हा ढगांतून पाहणारं रडार लागतं. पण यातल्या कुठल्याही कामासाठी उपग्रह २७ तासांत वर जायला लागत नाही. शेतकऱ्याला चित्र रोज हवं. ते काढणारा उपग्रह मार्चमध्ये गेला की जूनमध्ये, याने त्याच्या बांधावर काही फरक पडत नाही. त्याच्यासाठी एसटी पुरते. उलट एसटीच बरी, कारण उपग्रह स्वस्तात वर गेला तर चित्रही स्वस्त मिळेल. संरक्षणासाठी लागणारी वस्तू शेतकऱ्याच्या नावाने मागायची ही सवय जुनी आहे. तिच्यामुळे हिशेब नेहमी चुकीच्या खात्यावर लिहिला जातो आणि वसुलीच्या वेळी कुणीच जबाबदार सापडत नाही.

हिशेबाचा विषय निघाला म्हणून दुसरी नगरी गोष्ट. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याच्या यशानंतर जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली, आणि पुढे उसाची पळवापळवी सुरू झाली. ऊस तेवढाच, गाळपाची भूक वाढलेली. दोन कारखान्यांमध्ये पंचवीस किलोमीटरचं हवाई अंतर असावं हा नियम त्यासाठीच आला. भारतातल्या छोट्या रॉकेटांच्या बाबतीत नेमकी ही अवस्था जन्माआधीच येऊ पाहते आहे. इस्रोने एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान विकायला काढलं आणि जून २०२५ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ५११ कोटींची बोली लावून ते जिंकलं. मागणी असेल तशी वर्षाला ६ ते १२ रॉकेटं बनवायची असा इरादा आहे. हैदराबादच्या स्कायरूटचं ‘विक्रम-१’ त्याच गिऱ्हाइकाकडे डोळे लावून आहे. चेन्नईच्या अग्निकुलचं ‘अग्निबाण’ही. तिघांना मिळून पुरेल एवढा ऊस, म्हणजे उपग्रह, फडात उभा आहे का? आज तरी दिसत नाही. सरकारी कंपनीला तयार झालेलं, तीनदा उडालेलं रॉकेट मिळालं आणि खासगी पोरांना कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागली. ही स्पर्धा बरोबरीची म्हणता येत नाही.

या पोरांची कामगिरी मात्र थोडी नाही. आणि तिचा एक मोठा भाग महाराष्ट्राच्या मातीत घडला आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. स्कायरूटने २०१८ मध्ये सुरुवात केली तेव्हा रॉकेटची मोटर जाळून पाहायला जागा कुठून आणायची हा पहिला प्रश्न होता. जागा मिळाली नागपूरला, सोलर इंडस्ट्रीज या स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीच्या आवारात. डिसेंबर २०२० मध्ये ‘कलाम-५’ ही पहिली घन मोटर तिथे पेटली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अतिशीत इंधनाचं ‘धवन-१’ इंजिनही तिथेच चाललं, आणि मे २०२२ मध्ये विक्रम-१ च्या तिसऱ्या टप्प्याची ‘कलाम-१००’ मोटर १०८ सेकंद जळली. नागपूरच्या या कंपनीने स्कायरूटमध्ये पैसाही घातला आहे. त्या चाचणीनंतर सहा महिन्यांनी, १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, श्रीहरिकोट्याहून ‘विक्रम-एस’ उडालं. सहा मीटरचं, ५४५ किलोचं ते रॉकेट ८९.५ किलोमीटर उंच गेलं आणि समुद्रात पडलं. कक्षेत जायचं नव्हतंच. भारतात खासगी कंपनीचं रॉकेट उडू शकतं एवढं दाखवायचं होतं. अग्निकुलने ३० मे २०२४ ला, आधीचे अनेक मुहूर्त हुकल्यावर, एका अखंड तुकड्यात त्रिमिती छपाई केलेल्या इंजिनावर आपलं चाचणी रॉकेट उडवलं. स्कायरूटची सगळ्यात मोठी ‘कलाम-१२००’ मोटर ऑगस्ट २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याला तपासली गेली.

मग हे काम नगरला का होऊ नये, असा प्रश्न इथे कुणीतरी विचारणारच. जिल्ह्यात लष्कराचं के. के. रेंज हे सरावाचं मैदान आहे, रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, संरक्षण संशोधनातली वाहनांची संस्था, व्हीआरडीई, आहे. पण रेंजवरून रॉकेट सोडता येणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. रॉकेटचे जळालेले टप्पे खाली पडतात. ते समुद्रात पडावेत म्हणून तळ किनाऱ्यावर असतो. तो किनाराही कुठलाही चालत नाही. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेकडे जाताना खाली श्रीलंका येते, म्हणून रॉकेटला वळसा घ्यावा लागतो. मोठ्या गाडीला तो वळसा परवडतो. छोटीचं निम्मं इंधन जणू फाट्यावरच संपतं. म्हणून तमिळनाडूच्या टोकाला कुलशेखरपट्टणमला छोट्या रॉकेटांसाठी वेगळा तळ बांधायला घेतला आहे. त्याची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ला झाली. मोटर जमिनीवर जाळून पाहण्यापुरती जागा मागायची म्हटलं, तरी के. के. रेंजच्या विस्ताराच्या नुसत्या चर्चेने राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या गावांची झोप उडते. ती भीती अडाणीपणाची नाही. धरणासाठी एकदा उठलेली माणसं पुन्हा उठायला तयार नसतात. शिवाय स्फोटकांचं काम माणसं खातं. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावला स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार गेले. तो अपघात रॉकेटच्या मोटरीचा नव्हता, पण घराणं तेच.

नगरचं खरं भांडवल दुसरीकडे आहे. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली गेली. निजामशाहीच्या चाकरीतल्या रूमी खानाने ती ओतली, वजन सुमारे ५५ टन. तोफ ही दाब सहन करणारी नळी असते आणि रॉकेटच्या मोटरीचं कवचही तेच असतं. फरक एवढाच, की तोफ हवी तितकी जाड करता येते, कवच नाही. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं कवच २.८ मीटर व्यासाचं आणि जेमतेम आठ मिलिमीटर जाडीचं असतं, विशेष पोलादाचं. असली कवचं बनवणाऱ्यांत एक नाव आहे वालचंदनगरचं. इंदापूर तालुक्यातलं हे गाव वसलं साखर कारखान्याभोवती; साखरेची यंत्रसामग्री करता करता तिथल्या कारखान्याने १९७० च्या दशकापासून इस्रोचं काम हाती घेतलं. उसाचा रस उकळणारी भांडी वळवणारे हात रॉकेटची कवचं वळवू लागले. नगर जिल्ह्यात साखरेच्या यंत्रांची दुरुस्ती करणारे, टाक्या जोडणारे, लेथवर पिढ्या घालवलेले कारागीर नागापूरच्या एमआयडीसीपासून कोपरगावपर्यंत पसरलेले आहेत. व्हीआरडीईने बेंगळुरूच्या संस्थांबरोबर मिळून मानवरहित ‘निशांत’ विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं फिरत्या पिस्टनचं इंजिन बनवलं आणि २००९ मध्ये ते हवेत उडालंही. छोटं, हलकं आणि तरी भरवशाचं यंत्र बनवणं या गावाला परकं नाही.

पण इथेही एक पाचर आहे. विक्रम-१ च्या घन मोटरींचं कवच पोलादाचं नाही, कार्बनच्या धाग्यांचं आहे. अग्निकुलचं इंजिन छापलेलं आहे. म्हणजे ज्या वळवण्या-जोडण्याच्या कसबावर वालचंदनगर उभं राहिलं, ते नव्या छोट्या रॉकेटात कमीच लागतं. वजनाच्या काटकसरीने कारागिरालाच काट मारली. उरतं ते भोवतीचं काम: चाचणीचे सांगाडे, मोटर वाहून न्यायच्या गाड्या, झडपा, नळ्या, जोडण्या, तळावरची यंत्रणा. हे काम कमी प्रतीचं मानायचं कारण नाही. इलेक्ट्रॉनचं पहिलं रॉकेट पडलं ते जमिनीवरच्याच यंत्रामुळे.

अशा कामाला कारखानदार हात घालेल तो एका अटीवर: ऑर्डर किती नगांची आणि किती वर्षांची. एक झडप करायची तर तिचे साचे, तपासणीची यंत्रं, प्रत्येक धातूच्या तुकड्याचा जन्मदाखला सांभाळणारी कागदपत्रं हा सगळा खर्च पहिल्या नगाआधीच होतो. दोन झडपांसाठी तो कुणी करत नाही, दोनशेंसाठी करतो. अमेरिकेत हे कोडं सरकारने सोडवलं. २०१५ मध्ये नासाने रॉकेट लॅबसह तीन नवख्या कंपन्यांकडून छोट्या उड्डाणांची आगाऊ खरेदी केली. तेव्हा तिघांपैकी एकाचंही रॉकेट कक्षेत पोचलेलं नव्हतं. फाल्कन-१ च्या सुरुवातीच्या उड्डाणांमागेही संरक्षण खात्याचा पैसा होता. भारतात २०२० मध्ये इन-स्पेस ही खासगी कंपन्यांना परवानगी देणारी संस्था स्थापन झाली, २०२३ मध्ये अवकाश धोरण आलं, इस्रोचे तळ खासगी कंपन्यांना खुले झाले. परवानगीची दारं उघडली हे खरंच मोठं काम झालं. खरेदीचं दार अजून पुरतं उघडलेलं नाही. टेहळणीच्या त्या ५२ उपग्रहांतले समजा दहा उपग्रह छोट्या रॉकेटांनीच, ठरल्या वर्षात, तिघा स्पर्धकांत वाटून सोडायचे, आणि त्यासाठी किलोमागे जास्त पैसे मोजायचे ते संरक्षणाच्या खात्यातून उघडपणे मोजायचे, असं लिहून दिलं तर हैदराबादच्या कंपनीला कर्ज मिळेल आणि नागापूरच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये दुसरी पाळी सुरू होईल. नाहीतर त्या शेडमधला मालक रॉकेटच्या झडपेचं चित्र कौतुकाने पाहील, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवेल आणि गळीत हंगाम जवळ आला म्हणून कारखान्याच्या पंपाची शाफ्ट लेथवर चढवेल.